दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: गुडघ्यांची तयारी करूनच जा

पुण्यातून विपश्यना ध्यान शिकायला जायचं तर त्याचं मुख्य केंद्र असलेली इगतपुरीच गाठायला हवी असं नाही. स्वारगेटजवळ दादावाडीत धम्मपुण्ण केंद्र आहे, आळंदीच्या पुढे मरकळला धम्मानंद. दोन्हीकडे पद्धत तीच, ब्रह्मदेशातले आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून सत्यनारायण गोएंकांनी १९६९ मध्ये भारतात आणलेली. फी नाही. दानसुद्धा शिबिर पुरं केलेल्यांकडूनच घेतात.

पहिले तीन दिवस नुसतं आनापान: नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर श्वास कुठे लागतो एवढंच पाहायचं. योगाच्या क्लासची सवय असलेले इथेच अडखळतात. श्वास लांबवतात, मोजतात आणि दुपारपर्यंत डोकं जड करून घेतात. हा प्राणायाम नाही. जाणवेनासं झालं तर दोन-चार श्वास जरा जोरात घ्यावेत, मग पुन्हा त्याचा तो चालू द्यावा.

चौथ्या दिवशी दुपारी प्रत्यक्ष विपश्यना शिकवतात आणि शिबिराचा खरा कस तिथून लागतो. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत दोन-तीन इंचांचा एकेक भाग घेत लक्ष फिरवायचं. जिथे काहीच जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबायचं. कपड्याचा स्पर्श, घाम, काहीही चालतं. पाली भाषेतली ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कुठलीही जाणीव म्हणजे वेदना, आणि ‘वेदनापच्चया तण्हा’, म्हणजे तृष्णा तिच्यातूनच उठते. मन आणि शरीर यांचा सांधा तो हा. अधिष्ठानाच्या तासाला हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. अर्ध्या तासात गुडघा पेटतो. नीट पाहिलं तर त्यात ऊब निराळी, ठणका निराळा, दाब निराळा. आणि ‘पाय सोड’ हा हुकूम या तिन्हींहून निराळा. हुकूम सुटला की जबडा आवळतो, श्वास अडतो. जबडा सैल केला की ठणका असतो तसाच राहतो, जाच मात्र उतरतो. एवढं एकदा जरी दिसलं तरी शिबिर वसूल.

पाचव्या-सहाव्या दिवशी अंगभर झिणझिण्या वाहू लागल्या की लोक त्यांच्याच मागे लागतात. दुसऱ्या बैठकीत त्या आल्या नाहीत की हिरमुसतात. तीही तृष्णाच, नुसती गोड.

गुडघे मात्र घरूनच तयार करून न्यावेत. आधी तीन आठवडे रोज अर्धा तास बसा. आसन इतकं उंच हवं की कंबर गुडघ्यांच्या वर राहील. नाहीतर पाठीला पोक येतं आणि सगळा भार कमरेवर पडतो. बधिरपणा उठल्यावर जातो, त्याचं भय नको. सांध्यात कळ येत असेल तर सहाय्यक आचार्यांना सांगून खुर्ची मागा, त्यात कमीपणा काही नाही. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका आणि शिबिरासाठी ती परस्पर बंद तर मुळीच करू नका.

जेवण ११ वाजता, साधं आणि पुरेसं. संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा आणि थोडंसं खाणं, त्यानंतर काही नाही. पहिल्या दोन रात्री भूक लागते, मग सवय होते. सूचना गोएंकांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतात. त्यांचे लांबवलेले दोहे सगळ्यांनाच रुचतील असं नाही.

मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. पहाटे ४ ची घंटा झोपेत ऐकू येत नसेल तर गजराचं साधं घड्याळ पिशवीत टाका.