नवीन कॅम्पर घेतला आणि सगळा उन्हाळा डीलरच्या यार्डात गेला : सविस्तर रिव्ह्यू

डीलरला एक स्टार, आणि तोसुद्धा पार्ट्स काउंटरवरच्या एका म्हाताऱ्या माणसामुळे, त्याच्याबद्दल पुढे लिहितेच. नाव देत नाहीये डीलरचं. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या बाजूला आम्ही राहतो आणि इकडच्या मराठी मंडळींत आता बरेच जण कॅम्पर, म्हणजे गाडीमागे बांधून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचा म्हणतायत, चार जणांनी मला फोन करून विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आम्ही 2022 च्या एप्रिलमध्ये घेतला. 26 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, एक स्लाइड-आउट, म्हणजे पार्क केल्यावर भिंतीचा एक भाग सोफ्यासकट बाहेर सरकतो आणि आत ऐसपैस जागा होते तसला. घ्यायचं कारण सासू-सासरे. सहा महिन्यांसाठी येणार होते, आईंचे गुडघे दुखतात, दर दोन तासांनी बाथरूम लागतं, शिवाय त्यांचे सोमवार, एकादशी, बाहेरचं खात नाहीत. मोटेलच्या खोलीत इंडक्शनवर लपूनछपून वरणभात करण्यापेक्षा आपलं स्वयंपाकघर आणि आपलं बाथरूम मागे बांधूनच न्यावं असा विचार होता आणि तो विचार मला अजूनही बरोबर वाटतो.

डिलिव्हरीच्या दिवशी जे झालं तिथेच आमचं चुकलं. वॉक-थ्रू म्हणतात त्याला, डीलरचा माणूस सगळं चालू करून दाखवतो. आमचा झाला पंचवीस मिनिटांत. हे लाइट, हा फ्रिज, ही स्लाइड आत गेली बाहेर आली, या इथे सह्या करा. पाण्याची लाइन नीट जोडून सगळे नळ सोडून बघितले नाहीत, छतावर कोणी चढलं नाही, गॅसवर फ्रिज चालवला नाही. मी नशिबाने फोनवर व्हिडिओ काढत होते, गावी दाखवायला म्हणून. तो व्हिडिओ पुढे फार कामाला आला.

पहिली ट्रिप मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या वीकेंडला, लडिंग्टन स्टेट पार्क. इथल्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच उडतात, त्यामुळे ही साइट मी डिसेंबरपासून धरून ठेवलेली. लेक मिशिगनचं पाणी, वाळूच्या टेकड्या, आई-बाबा एकदम खूश. रात्री झोपलो आणि पाण्याचा पंप घर्रर्र करून दोन सेकंद वाजला. सगळे नळ बंद. दहा मिनिटांनी परत घर्रर्र. नळ बंद असताना पंप मधूनमधून सुरू होतो याचा अर्थ लाइनमधलं प्रेशर उतरतंय, म्हणजे कुठेतरी पाणी गळतंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना होतं.

बाबांची सगळी नोकरी एसटीत, दापोडीच्या वर्कशॉपला, बॉडी सेक्शन. ते उठले, टॉर्च घेतला आणि टिश्यू पेपरचे तुकडे करून सिंकखालच्या प्रत्येक जॉइंटखाली एकेक ठेवत गेले. कोरडा, कोरडा, कोरडा, आणि मागच्या कोपऱ्यातल्या एल्बोखालचा (पाइपच्या वळणावरच्या जोडाखालचा) तुकडा हळूहळू ओला होत गेला, आम्ही दोघं तिथे उकिडवे बसून तो कागद करडा होताना बघत होतो. प्लास्टिकचा नट, नुसता हातानेसुद्धा पूर्ण आवळलेला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे आवळला, पंप गप्प झाला. पण खालचं लाकूड फुगलेलं होतं, म्हणजे कधीपासून गळत होतं कोण जाणे, कदाचित डीलरच्या यार्डात टेस्ट केल्यापासूनच.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. सकाळी आईंच्या उशाशी स्लाइडच्या कोपऱ्यात गादी ओली. बाबांनी बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकून बघितलं, वरती टणटण आवाज आणि खाली एक वीतभर भाग भद्द. मग छतावर चढले (मी नको म्हणत होते, सत्तरीचा माणूस) आणि खाली येऊन मला म्हणाले, "अगं, त्या वरच्या खिडकीभोवती सीलंट तीनच बाजूंना आहे. चौथ्या बाजूला स्क्रू उघडे आहेत. आमच्याकडे बॉडी बाहेर काढायच्या आधी वरून पाणी सोडून बघायचो, इथे कोणी बघतच नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. गरम पाणीसुद्धा विजेवर तापत नव्हतं, फक्त गॅसवर.

आता हे असं का होतं ते मला नंतर कळलं. अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आजूबाजूला बनतात. करोनात सगळ्यांना कॅम्पर हवे झाले, एकट्या 2021 मध्ये सहा लाखांवर युनिट बाहेर पडले, हा आजवरचा रेकॉर्ड आहे. तिथे बऱ्याच कारखान्यांत कामगारांना नगावर पैसे मिळतात, जितके जास्त बनवाल तितके जास्त. आमचा नेमका त्याच वर्षाच्या शेवटी बनलेला. मी त्या कामगारांना दोष देत नाही. पण कारखान्यातून निसटलेली चूक पकडायचं काम डीलरचं आहे, डिलिव्हरीआधीची तपासणी त्यासाठीच असते आणि आमच्या बिलात तिचे वेगळे पैसे लावलेले आहेत.

मंगळवारी डीलरला फोन केला. सर्व्हिसची तारीख तीन आठवड्यांनंतरची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नेऊन सोडला आणि मग तो तिथेच राहिला. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला तेच, पार्ट ऑर्डर केलाय, फॅक्टरीचं ऑथरायझेशन, म्हणजे कामाची मंजुरी, आलं नाही. नववा आठवडा उलटला. मी एकदा न सांगता यार्डात गेले तर आमचा कॅम्पर पार मागच्या रांगेत, छतावर साधी ताडपत्रीसुद्धा नाही, मधल्या काळात किती पाऊस झाला असेल. मला रडूच आलं खरं सांगते. हप्ता चालू, इन्शुरन्स चालू, तीन बुकिंग रद्द केलेली, आणि घरी आई-बाबा बसलेले, त्यांच्या सहा महिन्यांतले दिवस मोजले जातायत.

वॉरंटीचं काम मागे का पडतं तेही सांगते, कारण हे कळल्याशिवाय त्यांच्याशी बोलता येत नाही. डीलर फोटो पाठवतो, फॅक्टरी ठरवते की या कामाला इतके तास देऊ, आणि ते पैसे डीलरच्या नेहमीच्या लेबर रेटपेक्षा बऱ्याचदा कमी असतात. साहजिकच रोख पैसे देणारं गिऱ्हाईक पुढे आणि आपण मागे. त्यात बॉडीची वॉरंटी कॅम्पर कंपनीची, बहुतेक एकच वर्ष, आणि फ्रिज, एसी, वॉटर हीटर, अ‍ॅक्सल, टायर या सगळ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळ्या वॉरंट्या. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या गावच्या डीलरकडे जावं तर ते म्हणतात आमच्याकडून घेतला नाहीत, आधी आमची गिऱ्हाइकं. आणि लेमन लॉच्या, म्हणजे सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठीच्या कायद्याच्या, भरवशावर राहू नका, मिशिगनच्या लेमन लॉमध्ये स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोमसुद्धा बसत नाही, मागे बांधायच्या ट्रेलरचं तर सोडाच. 1975 चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी अ‍ॅक्ट हा फेडरल कायदा आहे, त्याचा आधार घेता येतो, पण त्यासाठी तारखा आणि कागद लागतात.

वॉटर हीटरवरून तर त्यांनी आमच्यावरच ढकललं. म्हणे एलिमेंट (विजेवर पाणी तापवणारी कॉइल) जळलाय, टाकीत पाणी नसताना तुम्ही चालू केला असणार, वॉरंटीत बसत नाही. वीस-पंचवीस डॉलरचा एलिमेंट, प्रश्न पैशांचा नव्हताच. मी घरी येऊन तो व्हिडिओ परत बघितला. त्यात स्पष्ट दिसतंय, हीटरमागचा बायपासचा कॉक, ज्याने पाणी टाकीत न जाता बाहेरून जातं, थंडीत ठेवतात तसाच आडवा आहे म्हणजे टाकी रिकामी, आणि त्यांचाच माणूस मला विजेचं बटण चालू करून दाखवतोय, लाल दिवा लागलेला. सुक्या टाकीत एलिमेंट जळायला काही सेकंद पुरतात. तो व्हिडिओ मेल केला, दुसऱ्या दिवशी नवीन एलिमेंट बसला. माफी कोणी मागितली नाही.

आता पार्ट्स काउंटरवरचा तो माणूस. मी सीलंटची ट्यूब घ्यायला गेले होते, तो पैसे घेईना, आणि हळू आवाजात म्हणाला की इथे वाट बघत बसू नका, फॅक्टरीला थेट फोन करा, त्यांच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरची तारीख मागा आणि सगळं लेखी मागा. तसं केलं. गाडीच्या सीरियल नंबरसकट, तारीखवार, फोटोंसकट एकच मेल लिहिला, रागाचा एक शब्द नाही, ऑगस्टच्या शेवटी तारीख मिळाली. नवऱ्याने तीन तास ओढत एल्कहार्टला नेला, बाबा हट्टाने बरोबर गेले.

फॅक्टरी सर्व्हिसला मी चार स्टार देईन. चार दिवसांत त्यांनी ती भिंत खालून उघडली, ओला प्लायवूड काढून नवीन घातला, स्लाइडचं रबर बदललं, छताचं सगळं सीलंट खरवडून नव्याने टाकलं. बाबांनी तिथल्या सुपरवायझरला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, पाणी मारून दाखवता का, आणि त्याने खरंच होज आणून अर्धा तास पाणी मारून दाखवलं. एक स्टार कमी कारण कपाटाचं दार अजून लागत नाही, पार्ट संपलाय म्हणाले. गाडी यार्डात पडून राहिली तेवढे दिवस वॉरंटीत धरा अशी मागणी केली होती, तर तीन महिने वाढवून दिले, लेखी.

नवीन घेणाऱ्यांनी सही करायच्या आधी एवढं करा. डिलिव्हरीच्या दिवशी तीन-चार तास काढून जा, आणि पाणी, वीज, गॅस तिन्ही जोडल्याशिवाय काही बघूच नका. सगळे नळ सोडा, बंद करा, मग पंप ऐका. सिंकखाली, बेडखाली, टॉयलेटमागे टिश्यू ठेवा. छतावर स्वतः चढा किंवा स्वतंत्र इन्स्पेक्टर आणा, काहीशे डॉलर जातात पण भिंतीच्या आतली ओल मीटरने कळते, आम्ही ते पैसे वाचवले आणि उन्हाळा घालवला. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांपुढच्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नवीन गाडीला जुने टायर असू शकतात. काही सापडलं तर "नंतर या, करून देऊ" याला अजिबात हो म्हणू नका, दुरुस्त झाल्यावरच सही आणि चेक, कारण सही झाली की तुमच्या हातात काही उरत नाही. आणि फायनान्सच्या खोलीत एक्स्टेंडेड सर्व्हिसचा (वॉरंटीनंतरच्या दुरुस्तीचा) प्लॅन गळ्यात मारतात, आमच्याही मारला, तो कागद नीट वाचा, बहुतेक प्लॅन रद्द करता येतात. आम्ही केला आणि उरलेल्या मुदतीचे पैसे कर्जातून वजा झाले.

सप्टेंबरच्या शेवटी परत लडिंग्टनला गेलो, आई-बाबा परत जायच्या आधी दोन आठवडे. शनिवारी रात्री धो धो पाऊस. मी झोपले नाहीच, दोन वाजता उठून बघते तर बाबा आधीच टॉर्च घेऊन त्या कोपऱ्यात, भिंतीला तळहात लावून बसलेले. "कोरडं आहे, झोप तू," म्हणाले. सकाळी आईंनी थालीपीठं लावली, दार उघडं ठेवून, बाहेर ओल्या वाळूचा वास आणि आत खमंग वास.

कपाटाच्या दाराचा पार्ट नोव्हेंबरमध्ये डीलरकडे आला. बसवून घ्यायचा असेल तर मार्चमधली तारीख मिळेल म्हणाले. पार्ट मी घरी घेऊन आले, नवऱ्याने वीस मिनिटांत बसवला आणि बाबांना साताऱ्याला फोटो पाठवला.