नोव्हा शोधायचाय? द्विनेत्री की कॅमेरा, माझं मत

पावसाळा सरत आला, ढग जरा फाटायला लागले की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. नोव्हा म्हणजे थोडक्यात, श्वेतबटू (संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढतो, तो पेटतो आणि मंद तारा अचानक उजळतो. माझ्याकडे आधी बरीच वर्षं १०×५० द्विनेत्री (बायनॉक्युलर, दहा पट मोठं दाखवणारी, ५० एमएम भिंगाची) होती, अजून आहे, मग जुना क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि ५० एमएम लेन्स आली. कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर, ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही. दोन्हीचा अनुभव घेऊन सांगतोय, तरी तुमचं आकाश वेगळं, तुमचे डोळे वेगळे, तेव्हा शेवटी तुम्हीच ठरवा.

द्विनेत्रीच्या बाजूने बोलायचं तर पहिलं नाव ऑल्कॉकचं. जॉर्ज ऑल्कॉक, इंग्लंडमधले शाळामास्तर, हजारो ताऱ्यांच्या आकृत्या पाठ, आणि १९६७ चा धनिष्ठेतला नोव्हा, १९९१ चा शौरीतला नोव्हा असे एकूण पाच नोव्हा त्यांच्या नावावर. ही पद्धत खरंच चालते, पण पाठांतर हवं. आपल्या गल्लीत नवा माणूस उभा असला की न मोजता कळतं तसं व्हायला पाहिजे, आणि ते व्हायला निदान एक-दोन सीझन एकाच दोन-तीन पट्ट्यांवर घालवावे लागतात. मला हंस आणि गरुडाचा भाग बऱ्यापैकी जमला, धनु राशीत मात्र आकाशगंगा इतकी दाट की कुठला तारा नेहमीचा आणि कुठला जास्तीचा हे कळेपर्यंत हात भरून येतात. बाकी मजा द्विनेत्रीतच आहे, ते मान्य. उचलली, गच्चीवर गेलो, सुरू. लॅपटॉप नाही, बॅटरी नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. ऑक्टोबरची संध्याकाळ, धनु नैऋत्येला कललेली, आणि धनुतल्या ताऱ्यांची जी चहाच्या किटलीसारखी आकृती दिसते तिच्या झाकणाच्या वर मला एक तारा जास्तीचा वाटला, सातव्या प्रतीचा असेल (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक). नकाशा उघडला, लाल टॉर्च लावला, परत द्विनेत्री वर केली तर ढग. पुढचे कितीतरी दिवस ढगच, मग चंद्र, मग धनु मावळतीला लागलेली. तो लघुग्रह होता, एखादा चलतारा (तेज कमीजास्त होणारा तारा) होता, उपग्रहाची चकाकी होती की खरंच काही होतं ते आजतागायत माहीत नाही आणि आता कळणारही नाही. कारण पुरावा काहीच नाही! दिसलं एवढंच. ही गोष्ट मला इतकी खुपली की कॅमेऱ्याकडे वळलो ते त्याच सीझनला. ज्यांना कोरडं आकाश मिळतं त्यांना हा त्रास कदाचित वाटणार नाही, पण आपल्याकडचं गणित बघा. बहुतेक नोव्हा आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने, म्हणजे धनु-वृश्चिकाकडे सापडतात, आणि तो भाग मध्यरात्री सगळ्यात वर येतो तो नेमका जून-जुलैत. पुण्याहून तो टोकियोपेक्षा सतरा अंश उंच दिसतो, पण उपयोग काय, धो धो पाऊस. मग उरतं काय तर एप्रिल-मेची पहाट, ऑक्टोबरची संध्याकाळ आणि मधल्या काळात ढगांमधली दहा-पंधरा मिनिटांची फट.

त्या फटीत कॅमेरा कामाला येतो. ५० एमएमला साधारण पाच सेकंदांचं एक्सपोजर, आयएसओ १६००, आठ-दहा फ्रेम, एका फ्रेममधे पंचवीस अंश बाय सोळा-सतरा अंश आकाश. द्विनेत्रीतून एका वेळी साडेसहा अंशांच्या आसपास दिसतं. ढग परत आले तरी आले, आपलं झालेलं असतं. घरी येऊन सीक्वेटर या सॉफ्टवेअरमधे फ्रेम एकत्र करायच्या, महिन्यापूर्वीच्या त्याच भागाच्या फोटोवर ठेवून आलटून पालटून बघायचं. माझ्या गावाबाहेरच्या आकाशात नवव्या प्रतीपर्यंत जातं असं वाटतं, शहरात अर्थात कमी.

आणि ओळख पटवणं इथे खूप सोपं. ट्रॅकर नसल्यामुळे तारे फ्रेमगणिक थोडे सरकतात, हॉट पिक्सेल जागचा हलत नाही, म्हणजे तो लगेच बाद. लेन्समधलं भूत (आतल्या परावर्तनाने उमटलेला खोटा ठिपका) असेल तर ते एखाद्या ठळक ताऱ्याच्या बरोबर समोरासमोर, मध्यबिंदूच्या पलीकडे पडतं. कॅमेरा जरा वळवून परत फोटो काढला की ते पळतं. उपग्रह एकाच फ्रेममधे असतो किंवा रेघ ओढतो. लघुग्रह कॅटलॉगमधे सापडतो. मग उरतात चलतारे. हंसातला खाय सिग्नी ४०८ दिवसांच्या फेऱ्यात चौदाव्या प्रतीच्या आसपासून कधीकधी थेट चौथीच्याही वर येतो आणि प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी दचकवतो, तेव्हा व्हीएसएक्समधे (चलताऱ्यांची ऑनलाइन यादी) बघितल्याशिवाय कोणाला फोन करू नका. रंगही मदत करतो, फुगत्या वायूतला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला चमकतो त्यामुळे नोव्हा फोटोत गुलाबीसर दिसू शकतो. पण कॅमेऱ्यातला फिल्टर नेमका हाच रंग बराचसा खातो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. शेवटचा शिक्का वर्णपटाचाच.

कळवायचं म्हटलं तर वेळ, स्थान, प्रत आणि 'आधी तिथे काही नव्हतं' हे सगळं लागतं. युजी नाकामुरांनी १८ मार्च २०२१ ला शर्मिष्ठेतला नोव्हा १३५ एमएम लेन्सने टिपला, तेव्हा चार दिवस आधीच्या फोटोत त्या जागी तेराव्या प्रतीपर्यंत काही नव्हतं हे त्यांना दाखवता आलं. साडेनऊ प्रतीच्या आसपास असताना सापडलेला तो तारा मे महिन्यात पाचव्या प्रतीपर्यंत चढला. असा 'नव्हतं'चा पुरावा द्विनेत्रीवाल्याने आणायचा कुठून?

कॅमेऱ्याचा जाच नाही असं नाही. दव पडलं की लेन्स धुरकट, आणि तुलना करायचा कंटाळा आला की फोटो आठवडाभर कार्डातच पडून राहतात, अशा वेळी द्विनेत्रीवाला पुढे निघून गेलेला असतो. ऑटोमॅटिक सर्वेक्षणं आहेत मग आपण कशाला, असंही लोक विचारतात. पण मोठ्या सर्वेक्षणांचे कॅमेरे मंद ताऱ्यांसाठी लावलेले, ठळक तारे त्यात जळून जातात. शर्मिष्ठेतला तो नोव्हाही हौशी माणसानेच पकडला.

तुमचं लक्ष फक्त टी कोरोना बोरिआलिसवर (पुन्हा पुन्हा उसळणारा नोव्हा) असेल तर मात्र कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. १८६६ आणि १९४६ ला उसळलेला हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा, उसळला की दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल. उत्तर मुकुटातल्या एप्सिलॉन ताऱ्याच्या शेजारी अंशभरावर रोज एक नजर टाकली की पुरे, द्विनेत्री असली तर आणखी बरं.

बाकी शोधच घ्यायचा असेल तर मी जुना बॉडी आणि ५० एमएम एफ १.८ घेईन, छिद्र २.८ पर्यंत लहान करून वापरीन म्हणजे कोपऱ्यातले तारे पंख पसरत नाहीत. घेतलाच तर कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवा, साडेपाच तास वजा करून युटी (जागतिक वेळ) लिहायची सवय लावा, आणि पहिल्या स्वच्छ रात्री धनु, गरुड, हंस, शर्मिष्ठा यांचे फोटो काढून तारखेसकट वेगळ्या फोल्डरमधे टाका.