वाणाच्या पोटल्या: संक्रांत ते दिवाळी वापरल्यानंतर

बारा पोटल्यांचा रेडीमेड संच. संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून वाढदिवस, बारसं, गौरी करत दिवाळीपर्यंत सात वेळा भरला आणि रिकामा झाला. भाऊबीजेला तीन पोटल्या उसवल्या. कापड धड, रंग धड, गोंडे तर अगदी नवे. फाटलं ते नेमकं तिथे, जिथे बाजूची शिवण संपते आणि नेफ्यातून नाडी बाहेर येते. पाकिटावर 'पुन्हा पुन्हा वापरा' असं छापलं होतं, म्हणून हा राग.

उसवलेली जागा उलटून पाहिली की कारण कळतं. शिवण नेफ्याखाली नुसती सोडून दिलेली, उलटी टीप (शिवण पक्की करायला मागे येऊन मारलेली टीप) नाही. नाडी ओढली की सगळा ताण शेवटच्या दोन टाक्यांवर. शिवाय नाडी एकच, त्यामुळे तोंड एका बाजूलाच गोळा होतं आणि माणूस आणखी जोरात ओढतो. घरच्या मशीनवर तिथे तीन-चार वेळा पुढे-मागे टीप मारली तर काम होतं. एका पोटलीला अर्धा मिनिट लागत नाही! तेवढंही विकणाऱ्याला जड झालं.

घरी शिवायच्या असतील तर माप असं. तयार पोटली 15 बाय 20 सेंटीमीटर. तुकडा 18 बाय 48, तळाशी घडी, म्हणजे खाली शिवण नको. बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर दाब. वरच्या कडेपासून 7 सेंटीमीटर सोडून बाजूची शिवण थांबवायची (उलटी टीप इथेच), मग आधी 1 आणि नंतर 3 सेंटीमीटर दुमडून नेफा. 112 सेंटीमीटर पन्ह्याच्या एका मीटरमध्ये कागदावर बारा पोटल्या बसतात. प्रत्यक्षात मांजरपाट धुतल्यावर आटतं, मीटरचं 95 झालं की दुसरी ओळ एका सेंटीमीटरने हुकते. म्हणून सव्वा मीटर घ्यावं, रात्रभर भिजवावं, वाळवून इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. जुनी सुती साडी असेल तर हा खटाटोपच नको, ती आधीच आटलेली असते. फक्त विरलेला भाग वगळावा किंवा दुहेरी घ्यावा.

नाड्या दोन, नेफ्याच्या समोरासमोरच्या तोंडांतून घातलेल्या. प्रत्येकी पोटलीच्या रुंदीच्या दुप्पट अधिक 20, म्हणजे 50 सेंटीमीटर. बारा पोटल्यांना बारा मीटर. सॅटिनची रिबीन दिसते छान, पण गाठ सरकते आणि टोकं सुटतात. तागाची सुतळी नेफ्यात अडकते, वर तिचे तंतू तिळगुळात. 4 मिलिमीटरची विणलेली सुती दोरी सगळ्यात बरी. नायलॉनची दोरी मात्र टिकाऊ म्हणून कोणी गळ्यात मारली तरी घेऊ नये, गाठ धरत नाही.

खणाच्या पोटल्यांबद्दल मार्चपर्यंत माझं मत फार चांगलं होतं. आता नाही. बाजारात खण म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कापडांत पॉलिएस्टर असतं. कापलेल्या कडा सुटतात, नेफ्याच्या तोंडाशी तर लगेच, त्यामुळे आतून ओव्हरलॉक (कडा बांधून घेणारी शिलाई) लागतंच. ब्रोकेडची जर बांगडीत अडकते. शिवाय देखणी पोटली परत येत नाही, ती समोरच्या कपाटात दागिने सांभाळत बसते. वापर होतोच म्हणा. पण संच मोडतो.

साध्या मांजरपाटावर डाग दिसतात ही तक्रार खरी आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नये. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला की बराच उतरतो. तेलाचा डाग जास्त चिवट. तिळाचे लाडू थेट कापडात भरू नयेत, आधी बटर पेपर.

डब्यांना पोटली नको, चौकोनी रुमाल हवा. जपानमध्ये त्याला फुरोशिकी म्हणतात, आपल्याकडे बोचकं. रुमालाचा कर्ण डब्याच्या लांबीच्या तिप्पट धरावा. 25 सेंटीमीटरच्या डब्याला 53 चा चौरस पुरतो, दुमड धरून 56 कापावा. गाठ मारताना उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ तिरकी बसते आणि जिन्यातच सुटते. मिठाईच्या डब्यांभोवती प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायला 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तेव्हा हा रुमाल नुसता हौसेचा राहिलेला नाही.

रिटर्न गिफ्टसाठी 'कापडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या, पिशव्यांवर वेगळं लिहायची गरज नाही. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. खात्री हवी असेल तर कोपऱ्याचा छोटा तुकडा जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, हिचा मणी होतो. गॅलरीतल्या उन्हात राहिली की हिचा भुगाही पडतो.

उसवलेल्या तीन पोटल्या नेफा कापून पुन्हा शिवल्या, उंची 16 झाली. सुपाऱ्या आणि हळकुंडं नीट मावतात.