आयटीआयचा मुरलेला हात की डिप्लोमावाला?

भोसरी-चाकणकडच्या लहान कारखानदाराला मेंटेनन्ससाठी इलेक्ट्रिशियन हवा असला की शेवटी बहुधा दोन अर्ज हातात उरतात. एक आयटीआय करून आठ-दहा वर्षं प्लँटमध्ये घासलेला, दुसरा इलेक्ट्रिकल डिप्लोमा आणि तीन-चार वर्षांचा अनुभव असलेला. आयटीआयचा ट्रेड दोन वर्षांचा, डिप्लोमा तीन वर्षांचा; पण एवढ्यावरून काही ठरत नाही. वायरमन परवाना किंवा पर्यवेक्षक प्रमाणपत्र कोणाकडे आहे, ते आधी पाहा. आवारात ११ किंवा २२ केव्हीचा (म्हणजे हजार व्होल्टचा) स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर हा प्रश्न पगाराच्याही आधीचा.

कामाची परीक्षा मात्र पॅनलपुढे उभं करून घ्यावी. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोठी मोटर कमी करंटवर सुरू करणारी जोडणी) दाखवा, मोटरच्या प्लेटवर ५५ अँपिअर आहे म्हणा, आणि फेजमध्ये, म्हणजे मोटरच्या एकेका वाइंडिंगच्या वाटेत, बसवलेला ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) कितीवर लावणार ते विचारा. उत्तर साधारण ३२, कारण तिथून लाइन करंटच्या ५८ टक्केच जातो. ५५ सांगणाऱ्याच्या हाती मोटर दिलीत, तर ओव्हरलोडला रिले गप्प बसेल आणि वाइंडिंग जळेल. आयटीआयचा जुना माणूस हे बहुधा चटकन सांगतो. कधी कारण सांगता येत नाही, आकडा मात्र बरोबर असतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) यांच्यापुढे पारडं फिरतं. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, वाचून कुठला सेन्सर अडलाय ते शोधणं डिप्लोमावाल्याला सहसा सोपं जातं. जुन्या हाताला इथे एक खोड नडते: ड्राइव्ह न सोडवता मोटरच्या केबलला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) मारायची. त्यात ड्राइव्हच जाऊ शकतो.

प्रेसशॉप, फाउंड्री, कॉन्टॅक्टरवर (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या जुन्या मशिनी असतील, तर मी आयटीआयवाला घेईन. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनी) आणि स्वयंचलित लाइन असेल, तर डिप्लोमा. (दोन वर्षांच्या आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्या वाटेने आलेला कोणी सापडला, तर बाकीचे अर्ज बाजूला ठेवा.)

एका बाबतीत दोघांनाही सूट नको. ब्रेकर पाडल्यावर तो स्वतःचं कुलूप लावतो का, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग बंद लाइनला लावतो का, आणि ड्राइव्ह उघडण्याआधी आतले कपॅसिटर उतरायला पाच-दहा मिनिटं थांबतो का? "एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.