पावत्यांच्या फोल्डरवर नजर : आयनोटिफायवेट की एड?

जिनिंगच्या वजनकाट्यावर लिनक्स संगणक आहे, पावत्यांच्या फाइलींत फेरफार झाला तर कळायला हवं. त्यासाठी आयनोटिफायवेट (inotifywait) आणि एड (AIDE) हे फाइलींवर नजर ठेवणारे दोन प्रोग्राम आहेत. मग यातला कोणता बसवायचा?

आयनोटिफायवेट बदल होताक्षणी सांगतो. आतली फोल्डरंही धरायची तर 'आर' (-r) आणि सतत चालू ठेवायचा तर 'एम' (-m) पर्याय द्या. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) मूळ मर्यादा ८१९२ वॉचची, म्हणजे नजर ठेवायच्या जागांची. प्रत्येक उपफोल्डर एक वॉच खातं.

मोठी अडचण लोडशेडिंगची. प्रोग्राम बंद असताना झालेला बदल त्याला कधीच कळत नाही. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात दुसऱ्या संगणकानं केलेला बदलही निसटतो.

एड आधी प्रत्येक फाइलीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) डेटाबेसमध्ये नोंदवतो, नंतर तपासणीत ताडून पाहतो. वीज गेली तरी फरक सापडतोच, पण पुढच्या तपासणीत. पहिली नोंद झाल्यावर नव्या डेटाबेसचं नाव बदलायला लोक विसरतात, मग तपासणी चालतच नाही. डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. संगणकावरच राहिली तर फेरफार करणारा तीही बदलेल.

बदल कोणी केला, हे दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी ऑडिटडी (auditd, कोणी काय केलं याची नोंद ठेवणारा लिनक्सचा प्रोग्राम) लागतो.

नवी पावती येताच बॅकअप हवा असेल तर आयनोटिफायवेट. जुन्या पावत्यांच्या खरेपणाची काळजी असेल तर एडच, रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय).