साल्झबर्ग की इन्सब्रुक: तीन रात्री कुठे द्याव्यात?

म्युनिकला उतरायचं आहे, हाताशी आठवडाभर आहे आणि त्यातल्या तीन रात्री आल्प्समधल्या एखाद्या जुन्या शहरात काढायच्या आहेत. मग ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग की इन्सब्रुक? गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच घरांतून मला हे विचारलं गेलं. दोन्हीकडे मी तीन-तीन रात्री राहिलो आहे. सोबत बायको आणि सत्तरीची आई होती, आणि दिवस जूनअखेरचे होते. जे लिहितोय ते त्या सहा दिवसांच्या जोरावर. तुम्ही तरुण मित्रमैत्रिणी मिळून जाणार असाल, किंवा डिसेंबरात नाताळचे बाजार बघायला निघाला असाल, तर माझी मापं तुम्हाला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

प्रवासाच्या वेळेवरून मात्र निवड करू नका. म्युनिकहून दोन्हीकडे रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, आणि या दोन शहरांच्या मध्येही साधारण तेवढाच प्रवास आहे. फरक पडतो तो पुढे कुठे जायचंय यावर. व्हिएन्ना असेल तर साल्झबर्ग वाटेवरच पडतं. इटली असेल तर इन्सब्रुकहून गाडी ब्रेनर घाट चढून पलीकडे व्हेरोनाला उतरते. साडेतीन तासांचा तो रस्ता झोपेत घालवू नये. आणखी एक बारीक गोष्ट: बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, ज्याला बायर्न-तिकीट म्हणतात, ते साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. इन्सब्रुकला जायचं तर कुफस्टाइनपासून पुढचे पैसे वेगळे. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर हे खिशाला कळतं.

साल्झबर्गची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. हे शहर शेकडो वर्षं आर्चबिशपांच्या हातात होतं. नावातच मीठ आहे, आणि मिठाच्या पैशातूनच हे वैभव उभं राहिलं. 1077 साली बांधायला घेतलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला गावात कुठेही उभे राहिलात तरी डोक्यावर दिसतो. गड चढायची सवय असलेला मराठी माणूस पायीच वर जाईल, पण 1892 पासून तिथे रुळांवरून चढणारी फनिक्युलर आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांचीही सोय होते. मिराबेलची बाग, कथीड्रल, सेंट पीटरची डोंगराला टेकलेली दफनभूमी, हे सगळं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहे. गावाबाहेरच्या हेलब्रुन महालातली कारंजी तर चुकवूच नका. आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुसने बाहेर बागेत एक दगडी टेबल मांडलंय. भोवतीच्या दगडी स्टुलांमधून अचानक पाणी उसळतं आणि पाहुणे भिजतात, यजमानाचं आसन तेवढं कोरडं राहतं. चारशे वर्षं झाली, अजून ते टेबल तसंच चालतं. माझी बायको शहाण्यासारखी कडेला उभी राहिली होती, तरी भिजली.

आणि मोत्सार्ट. गेट्राइडेगासे या गल्लीतल्या नऊ नंबरच्या घरात 1756 च्या 27 जानेवारीला तो जन्मला. माझी आई पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. पाश्चात्य संगीत तिने कानावरून गेलं तेवढंच ऐकलेलं. त्या घरात काचेमागे मोत्सार्टचं लहानपणीचं व्हायोलिन ठेवलंय, खेळण्याएवढं. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशा बोटांना तार रुतली नसेल का रे?" त्या एका वाक्यासाठी साल्झबर्गला गेल्याचं सार्थक झालं असं मला आजही वाटतं. घरात गाणं-वाजवणं असेल तर या शहराला तुमच्या मनात आधीच एक पाट मांडलेला असणार, आणि तो उठवण्याची माझी इच्छा नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, ती.

साल्झबर्ग आल्प्सच्या अगदी उत्तर दारात आहे. वायव्येकडून येणारे ढग सपाटी ओलांडून इथे पहिल्या डोंगराला धडकतात आणि रिकामे होतात. आपल्याकडे घाटमाथ्यावर जे होतं, तेच. तिथल्या लोकांनी या पावसाला नावही दिलंय: श्न्यूर्लरेगन, म्हणजे दोऱ्यांचा पाऊस. सर येऊन गेली, उघडलं, असं त्याचं नसतं. बारीक, सरळ, न तुटणारे धागे दिवसदिवस वरून सोडलेले असतात. भिजण्याचं आम्हाला काही वाटलं नाही, आम्ही सिंहगडावर आषाढात जाणारी माणसं. पण आईला आयुष्यात एकदा आल्प्सच्या डोंगरावर उभं राहायचं होतं, आणि साल्झबर्गचा डोंगर, उंटर्सबर्ग, गावात नाही. बसने अर्धा तास दक्षिणेला गेलात की पायथा येतो, मग केबल कार.

पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला उघडलं. मिराबेलजवळच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून ऊन दिसलं आणि आम्ही धावतच निघालो. थांब्यावर पोचेपर्यंत एक बस गेली. पुढच्या बसने पायथ्याशी आलो, तर नुकतीच एक केबल कार वर गेली होती आणि पुढची अर्ध्या तासाने. आई बाकावर बसून डोंगराकडे बघत होती. आधी शिखर दिसेनासं झालं, मग कडा, मग वर जाणारी तारही मधूनच पुसली गेली. तरी वर गेलो. वर पांढरं होतं. कठड्याला धरून आई उभी राहिली, शालीवर बारीक थेंब साचले होते. समोर काय आहे हे मला तिला फोनवरच्या फोटोत दाखवावं लागलं. ती काही बोलली नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा दोरे.

यात कोणाचीच चूक नाही. पाऊस कुठेही लागतो, आणि त्याच आठवड्यात तो इन्सब्रुकला लागून साल्झबर्ग कोरडं राहिलं असतं तर मी कदाचित हे उलटं लिहिलं असतं. पण एक गोष्ट नशिबाची नाही, रचनेची आहे. साल्झबर्गमध्ये उंच डोंगर बघायला जाणं हा अर्ध्या दिवसाचा वेगळा बेत असतो. दोन तासांची उघडीप मिळाली तर ती वाटेतच संपते.

इन्सब्रुकमध्ये डोंगर गल्लीच्या टोकाला आहे. हे वाचून खरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. मारिया-तेरेझिएन-श्ट्रासेवर अॅना स्तंभापाशी उभं राहिलं की जुन्या घरांच्या रांगेमागे थेट नॉर्डकेट्टेची करडी भिंत उभी. जुन्या गावातून पाच-सात मिनिटं चालत गेलं की काँग्रेस स्टेशन, तिथून हुंगरबुर्गबान ही डोंगर चढणारी गाडी. वास्तुविशारद झाहा हदीदने आखलेली तिची 2007 ची स्टेशनं वितळत्या बर्फासारखी दिसतात. वर हुंगरबुर्गला गाडी बदलली की केबल कारने झेग्रुबं, 1,905 मीटर. आपल्या कळसूबाईहून अडीचशे मीटर उंच. शेवटचा टप्पा हाफेलेकार, 2,256 मीटर. गाव आहे 574 मीटरवर. जुन्या गावातून निघून झेग्रुबंला पोचायला, रांग नसेल तर, अर्धा तास पुरतो.

आम्ही गेलो त्या सकाळी इथेही वर ढग होते. आम्ही निमूटपणे होफकिर्खंत शिरलो, म्हणजे सम्राट माक्सिमिलियान पहिला याच्या स्मारकासाठी बांधलेल्या चर्चमध्ये. मध्यभागी त्याची भली मोठी समाधी आणि दोन्ही बाजूंना 28 काशाचे पुतळे, माणसाहून मोठे, काळेभोर. नात्यातले राजे-राण्या, पूर्वज मानलेले वीर, सगळे जणू सुतकाला जमलेले. त्यातला आर्थर राजाचा पुतळा जर्मन चित्रकार ड्यूररच्या रेखाटनावरून केल्याचं मानतात. राण्यांच्या झग्यावरचं भरतकाम, साखळ्यांची कडी न् कडी धातूत उतरवलीय. समाधी मात्र रिकामी आहे. माक्सिमिलियान 1519 मध्ये वारला आणि त्याला व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला पुरलं. हे सगळं त्याचा नातू फेर्डिनांड पहिला याने नंतर पुरं करायला घेतलं. तासभर कसा गेला कळलं नाही.

बाहेर आलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि आईनेच वर बघितलं. "निघालं बघ." ढग उचलला होता. सव्वाबाराला आम्ही झेग्रुबंवर होतो, एकपर्यंत हाफेलेकारला. पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे वाऱ्यावर नुसते तरंगत होते. एका बाजूला खाली अख्खं शहर, इन नदी, विमानतळाची धावपट्टी, समोर ब्रेनरकडे जाणारी दरी. वळून दुसरीकडे पाहिलं तर कारवेंडलच्या ओळींमागे ओळी, एक घर नाही, एक रस्ता नाही. आई दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली. अडीचला पुन्हा ढग आले, तेव्हा आम्ही खाली येऊन गरम सूप पीत होतो.

सुपावरून आठवलं. शाकाहारी असाल तर दोन्ही शहरांत एक प्रश्न विचारायचाच: सूप कशाचं? चीजचा गोळा घातलेलं कासप्रेसक्नोडल सूप नावावरून शाकाहारी वाटतं, पण खालचं पाणी बहुधा बीफचं असतं. आमच्यापुढे एकदा ते तसंच आलं आणि परत पाठवावं लागलं. चीजमध्ये घोळवलेले श्पेट्झलं (छोट्या नूडल्स), पालकाचे गोळे आणि गोडात कायझरश्मारन यांवर आमचं दोन्हीकडे छान निभलं.

इन्सब्रुकबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे आणि तो ग्रुप टूरने तयार केलाय. बस थांबते, सोन्याचं छप्पर दाखवतात, फोटो, मग वाटेन्सच्या क्रिस्टल संग्रहालयाकडे रवाना. माझे मामा असेच जाऊन आले होते आणि म्हणाले, "एक बाल्कनी आहे, त्यावर पत्रे." बाल्कनी आहे हे खरं. पण त्या 2,657 सोनेरी तांब्याच्या कौलांखाली थोडं थांबून कोरीवकाम बघा. माक्सिमिलियान आहे, त्याच्या दोन्ही बायका आहेत, आधीची बर्गंडीची मारी आणि नंतरची मिलानची बियांका, आणि कडेच्या चौकटींमध्ये अंग पिळवटून नाचणारे नाचे. 1500 साली हे पुरं झालं. सम्राटाने चौकातले खेळ इथे बसून बघायचे, आणि लोकांनी सम्राटाला बघायचं. असंच मारिया-तेरेझिएन-श्ट्रासेच्या दुसऱ्या टोकाचं त्रिउम्फफोर्टं. 1765 मध्ये ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेझा हिच्या मुलाच्या, लिओपोल्डच्या लग्नासाठी ही कमान उभी केली, आणि त्याच सोहळ्याच्या दिवसांत त्याचे वडील सम्राट फ्रान्झ इथेच अचानक वारले. म्हणून कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद कोरलाय आणि उत्तर बाजूला मृत्यूचा शोक. गाडीतून बघितलं तर ती नुसती एक कमान. दोन्ही बाजूंनी चालत गेलं की अंगावर येते.

उण्या बाजूही सांगायला हव्यात. इन्सब्रुकचं जुनं गाव लहान आहे, अर्ध्या दिवसात पायाखालून जातं. साल्झबर्गसारखा कोपऱ्याकोपऱ्यावर थाट नाही. दक्षिणेकडून फोन नावाचा गरम वारा सुटला की काहींचं डोकं धरतं. माझ्या बायकोची एक संध्याकाळ त्यात गेली. आणि तिथून हालश्टाट हे तळ्याकाठचं गाव गाठायचं मनात असेल तर तो बेत सोडा, ते साल्झबर्गहूनच सोयीचं. एकच दिवस हातात असेल, तर मीही साल्झबर्गच म्हणेन.

पण तीन रात्री असतील, सोबत वडीलधारं माणूस असेल आणि त्याला डोंगर बघायचा असेल, तर मी इन्सब्रुककडे झुकतो. आल्प्सच्या आत, दरीत असल्यामुळे तिथे पाऊसही कमी पडतो: साल्झबर्गला वर्षाला साधारण 1,200 मिलिमीटर, इथे 900 च्या आसपास. डोंगर न दिसलाच तरी आंब्रास महाल आहे, आणि तिथला स्पॅनिश हॉल आणि फेर्डिनांड दुसऱ्याने जमवलेल्या अजब वस्तूंचं दालन यांत एक पावसाळी दुपार आनंदात जाते. स्टेशनपासून जुनं गाव दहा-पंधरा मिनिटांवर, सपाट रस्ता, बॅगा ओढत चालता येतं.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघून घ्या. नॉर्डकेट्टेची केबल कार वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर देखभालीसाठी काही दिवस बंद असते, त्या तारखा आधी तपासा. आणि इन्सब्रुक कार्ड घेणार असाल, तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या वापरायला काढू नका. 24, 48 किंवा 72 तास पहिल्या वापरापासून मोजले जातात आणि नॉर्डकेट्टेची एक जाऊन-येऊन फेरी त्यातच असते. पहिल्या संध्याकाळी नुसतं पायी फिरा, नदीपलीकडच्या मारियाहिल्फच्या रंगीत घरांसमोर बसा. सकाळी उठून खिडकीतून वर बघा. कडा स्वच्छ दिसला, की मग कार्ड बाहेर काढा.