क्रेडिट कार्डाचे दीड लाख: नाशिकच्या पगारदारानं कोणती वाट धरावी?

धरून चालू की कार्डावर १,५०,००० रुपये थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि अंबड किंवा सातपूरच्या कंपनीतला पगार दरमहा खात्यात येतो. घरखर्च भागवून ७,५०० रुपये बाजूला पडतात. साधारण दोन वर्षांत मोकळं व्हायला एवढे पैसे पुरतात. मात्र ते कुठे भरता, यावर सगळं ठरतं.

आधी सध्याच्या वाटेचा हिशेब करू, कारण बहुतेकजण तिथेच अडकलेले असतात. दीड लाखावर पहिल्या महिन्याचं व्याज ५,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५ रुपये. मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम, साधारण बाकीच्या पाच टक्के, म्हणजे तेच ७,५००. त्यातले ६,१९५ व्याज आणि करातच जातात, मुद्दल कमी होतं १,३०५ रुपयांनी. पुढची दोन वर्षं न चुकता ७,५०० भरत राहिलात आणि कार्डाला हातही लावला नाहीत, तरी १,८०,००० रुपये भरून सुमारे ९८,००० शिल्लक राहतात. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. गाडीत पेट्रोल भरलं की त्याच दिवसापासून व्याज सुरू. मिनिमम भरण्याचा फायदा एवढाच की सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, हप्ता चुकल्याची नोंद होत नाही.

पण हा फायदा मोठा आहे. एकही हप्ता चुकलेला नसताना जी कर्जं मिळतात, ती दोन-तीन हप्ते चुकल्यावर मिळत नाहीत किंवा फार महाग मिळतात. म्हणून पुढची तुलना वाचताना आपण चुकण्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे मनाशी स्पष्ट ठेवा.

अलीकडे असाल तर सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे त्याच बँकेकडून थकबाकीचे हप्ते पाडून घेणं. ॲपवर किंवा एका फोनवर होतं, कागदपत्रं लागत नाहीत. दर साधारण वर्षाला १३ ते १८ टक्के. १६ टक्क्यांनी २४ महिने घेतले तर हप्ता ७,३४५ रुपये, एकूण व्याज सुमारे २६,३०० आणि त्यावर जीएसटी सुमारे ४,७००. म्हणजे ३१,००० रुपये, वर प्रोसेसिंग फी. कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावरही जीएसटी लागतो, हे फोनवरचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही. मुदतीआधी फेडल्यास काय आकारतात, तेही विचारून घ्या.

पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नाही. १४ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ७,२०२, दोन वर्षांचं व्याज सुमारे २२,८५०. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर धरून एकूण २६,४०० पडतात. कार्डाच्या हप्त्यांपेक्षा साडेचार ते सहा हजारांनी स्वस्त. पण हे लोन मंजूर व्हायला दीड-दोन महिने लागले आणि तोवर कार्डाचं साडेतीन टक्के व्याज चालू राहिलं, तर ती बचत तिथेच संपते. माझं मत स्पष्ट आहे: पगार ज्या बँकेत येतो तिथे आठवडाभरात लोन होत असेल तर घ्या, नाहीतर कार्डाचे हप्ते पाडून मोकळे व्हा. अर्ध्या टक्क्यासाठी पाच बँकांत अर्ज टाकत बसू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की पुढची बँक हात आखडता घेते.

दुसऱ्या कार्डावर बाकी वळवण्याच्या योजना येतात. सुरुवातीचे तीन-सहा महिने दर कमी, नंतर पुन्हा तोच चढा. बोनस नक्की येणार असेल तरच.

नाशिकमध्ये आणखी एक पर्याय आहे, त्याकडे तरुण मंडळी बघतच नाहीत: नोकरीच्या ठिकाणची पगारदार पतसंस्था. सभासद असाल तर आधी तिथे जा आणि दर विचारा. हप्ता थेट पगारातून कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये त्याची तरतूद आहे. पैसा हातात येऊन खर्च होण्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण जामीनदारांची. तुम्ही थकलात तर शेजारच्या मशीनवरच्या मित्राच्या पगाराला कात्री लागते. नोकरी डळमळीत असेल तर त्याला या भानगडीत ओढू नका.

कंत्राटी नोकरी असेल, पगाराची स्लिप नसेल, तर उरतं सोनं. बँकेतलं सोनेतारण बहुधा पर्सनल लोनपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी १ एप्रिल २०२६ पासून सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामकाजी दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मात्र वर्षाअखेरीस एकदम फेडण्याची योजना घेऊ नका. वर्ष संपतं, पैसे नसतात, नुसतं व्याज भरून तारण पुढे ढकललं जातं आणि एक दिवस लिलावाची नोटीस येते. मासिक हप्त्याचंच मागा. आणि दागिने बायकोचे किंवा आईचे असतील तर खरा आकडा सांगून, त्यांच्या होकारानेच न्या. ओळखीतल्या कुणाकडे गहाण ठेवायची वेळ आली तर सावकारी परवाना बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार तो बंधनकारक आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

एफडी असेल तर एवढा विचारच नको. सहा-सात टक्के मिळवणारा पैसा ठेवून कार्डाचे वर्षाला बेचाळीस टक्के भरण्यात काहीच अर्थ नाही. औषधपाण्यापुरतं ठेवा, बाकी मोडा.

आता पलीकडे असलेल्यांसाठी. तीन-चार महिने काहीच भरलं नसेल तर बँक सेटलमेंटची, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेत खातं मिटवण्याची, तयारी दाखवते, कधी बरीच सूटही देते. पण सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा सात वर्षांपर्यंत राहू शकतो, आणि पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर तेव्हा तो आडवा येतो. नोकरी गेली असेल किंवा आजारपण आलं असेल, तर मी याला वाईट म्हणणार नाही. हप्ता झेपत असताना केवळ सवलतीच्या मोहानं करू नका. बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका आणि कर्ज माफ करून देतो म्हणत आगाऊ फी मागणाऱ्यांना दारात उभं करू नका. जिल्हा न्यायालयात भरणाऱ्या लोकअदालतीत बँकांची प्रकरणं खटला दाखल होण्याआधीही घेतात. तिथली तडजोड अंतिम असते, म्हणून झेपेल तोच आकडा मान्य करा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठीचा क्रमांक १४४४८.

कर्ज दुसरीकडे वळवलंत की कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, आणि दिवाळी तोंडावर असते. त्याच आठवड्यात मर्यादा कमी करून घ्या किंवा कार्ड बंद करायचा अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजी दिवसांत ते बंद करायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं तुम्हाला ५०० रुपये द्यायला हवेत.